जाळ दोन होते

न्यायालयातल्या शिपायाने माझे मनगट धरले. अंगठा शाईच्या गादीवर दाबला, मग जबाबाच्या कागदावर दाबला, पान उलटून पुन्हा दाबला. मी हात सैल सोडला होता. त्याच्या बोटाला थोडी शाई लागली. त्याने इकडेतिकडे पाहिले. पुसायला फडके दिसले नाही. तेव्हा त्याने ते बोट माझ्या सदऱ्याला पुसले. छातीवर, डाव्या बाजूला. सावकाश.

त्यात बोलण्यासारखे काही आहे, असे कुणाला वाटले नाही. मलाही वाटले नाही. हे मुद्दाम आधी सांगतो. अपमान झाला होता, आणि ज्याचा झाला त्याला तो कळला नव्हता.

त्याच्या थोडे आधी न्यायाधीशांनी मला विचारले होते, "पाचटाचा जळता चूड तुझ्या हातात होता, हे खरे आहे काय?"

मी म्हणालो, "व्हता साहेब. पर त्यो..."

"हो की नाही, एवढंच सांग."

"व्हय."

"‘जाळ माझा आहे’ असे तू ओरडलास, हे खरे आहे काय?"

"व्हय साहेब, पर आमच्याकडं..."

"हो की नाही?"

मागच्या बाकावर कुणीतरी हसले. दुसरा हळूच म्हणाला, "डोंगऱ्या हाय त्यो. दोन शबुद धड बोलंल तर शपथ." न्यायाधीशांनी मान वर केली. हसणे थांबले. प्रश्न मात्र थांबून राहिला होता.

"व्हय," मी म्हणालो.

त्या दोन होकारांवर मला दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. आग लावल्याबद्दल आणि त्या आगीत एक माणूस मेल्याबद्दल.

आता क्रमाने सांगतो. क्रमाने सांगण्याची सवय मला उशिरा लागली.

जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेला, घाटघरच्या अलीकडे आमची वाडी आहे. भात, नाचणी, वरई. जमीन थोडी आणि तीही उताराची. भात झोडून झाले, की माणसे देशावर कामाला उतरतात. कुणी कांद्याला जाते, कुणी उसाला. नव्वदच्या दशकात मी आणि माझी बायको ठमी, आम्ही आंबेगाव तालुक्यात निरगुडसरच्या बाजूला एका बागाईतदाराकडे कामाला होतो. सगळे त्यांना अण्णा म्हणत. त्यांचा ऊस कारखान्याला जाई. अण्णा मारहाण करणारे नव्हते. सकाळी चहा मिळे. आमचे कप गोठ्याच्या कुडाला तारेने अडकवलेले असत. आपला कप आपण घ्यायचा, चहा प्यायचा, विसळायचा, पुन्हा तारेला लावायचा. त्या तारेकडे मी दोन हिवाळे पाहिले आणि ती मला गोठ्याचाच भाग वाटली.

आमच्याकडे भाताच्या रोपाची जागा पेरणीपूर्वी भाजावी लागते. जमिनीवर शेण, त्यावर फांद्या आणि पाला, त्यावर गवत, सर्वांत वर मातीचा पातळ थर. होळीनंतर ते पेटवतात. याला राब भाजणे म्हणतात. तणाचे बी मरते, रोप जोमाने वर येते. डोंगरातला वारा मात्र भरवशाचा नसतो, म्हणून जाळाशी कसे वागायचे याचे आमचे नियम आहेत. जो जाळ लावतो त्याने हाळी द्यायची, "जाळ माझा हाय!" ती समोरच्या टेकाडावर ऐकू गेली पाहिजे. म्हणजे या जाळाला धनी आहे, तो तिथे उभा आहे, हे सर्वांना कळते. हाळी देणाऱ्याने जाळ विझेपर्यंत जागा सोडायची नाही. आणि एखादी आग सुटून वाऱ्यावर धावत आली, तर पाण्याची वाट पाहत बसायचे नाही. तिच्या वाटेत, बांध किंवा पायवाट पाठीशी घेऊन, आपण दुसरा जाळ लावायचा. तो तिच्याकडे जळत जातो. दोन्ही जाळ एकमेकांना भिडतात तेव्हा मध्ये खायला काही उरलेले नसते. दोन्ही मरतात.

हे आमच्या वाडीतली लहान पोरेही जाणतात. यात शहाणपण मिरवावे असे काही नाही. पोहता येणारा माणूस जसा पाण्यात पडल्यावर हात मारतो, तसे आहे ते.

होळी झाली. मी अण्णांकडे राबासाठी चार दिवसांची सुट्टी मागितली. ओट्यावर बरीच माणसे बसली होती. अण्णा म्हणाले, "तुमचा राब गेला खड्ड्यात. लई खाज तुमा लोकांना जाळायची. इकडं माझा ऊस उभा हाय." माणसे हसली. मी मान खाली घालून परतलो. पुढे खटल्यात हाच प्रसंग माझ्या रागाचा पुरावा झाला. हसणारेच साक्षीला आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अण्णांचा थोरला मुलगा तोडणी झालेल्या वावरात आला. वावरात पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, पसरलेले होते. तोडणीनंतर पाचट पेटवणे तिकडे सगळेच करतात, त्यात गुन्हा नाही. पण वारा सुटला होता आणि शेजारचा ऊस अजून उभा होता.

मी बांधावरून म्हणालो, "दादा, वारं हाय. सांजच्याला पेटवू."

तो म्हणाला, "आता तू शिकीव मला." आणि काडी ओढली.

उभा ऊस पेटतो तेव्हा त्याचा आवाज होतो. कांडी फुटतात. आग दोन दिशांना गेली. एक फाटा गोठ्याकडे गेला. दुसरा ओढ्याच्या बांधाकडे, जिथे ऊसतोडणी करणाऱ्या माणसांच्या कोप्या होत्या. कोपी म्हणजे पाचटाचीच झोपडी. धडधाकट माणसे दूरच्या फडात कोयता चालवत होती. कोप्यांत म्हाताऱ्या आणि लेकरे होती.

मी बांधाकडे धावलो. पाचट गोळा केले, चूड केला, पेटवला आणि बांधाच्या कडेने ओळीने लावत गेलो. लावताना नियमाप्रमाणे हाळी दिली. "जाळ माझा हाय! जाळ माझा हाय!" माझा जाळ पुढे सरकला, आगीला भिडला. दोन्ही मेले. कोप्या राहिल्या. म्हाताऱ्या आणि लेकरे राहिली.

गोठा राहिला नाही. गोठ्यात अण्णांचा जुना गडी किसनबाबा तापाने पडला होता. तो गेला. त्याच्याबरोबर दावणीला बांधलेले दोन बैल गेले. किसनबाबा रोज मला तंबाखू मागायचा आणि म्हणायचा, "पावणं, तुमच्या डोंगरात तंबाखू न्हाई व्हय पिकत?" मला एकाच वेळी दोन ठिकाणी उभे राहता आले नाही. मी लेकरांकडे गेलो. पुन्हा तसाच प्रसंग आला तर पुन्हा तिकडेच जाईन. तरी किसनबाबा आठवतो.

गावातली माणसे धावत आली. त्यांनी काय पाहिले? पेटलेला ऊस. त्यापुढे हातात जळता चूड घेऊन उभा असलेला डोंगरातला मजूर. आणि तो ओरडतो आहे, जाळ माझा हाय. अण्णांच्या मुलाने बोट दाखवले. "ह्योच! ह्यानंच लावली! काल सुट्टी न्हाई दिली म्हून!"

मी पळालो नाही. पळालो असतो तर कदाचित वाचलो असतो. पण माझा जाळ अजून पूर्ण विझला नव्हता.

खटल्यातले बहुतेक साक्षीदार खोटे बोलले नाहीत, हे लिहून ठेवणे मला आवश्यक वाटते. त्यांनी जे पाहिले आणि जे ऐकले तेच सांगितले. खोटे एकच माणूस बोलला. "मी त्या वेळी वावरात नव्हतो," असे तो म्हणाला. ज्यांची लेकरे वाचली, ती माणसे हंगाम संपल्यावर आपल्या जिल्ह्याकडे निघून गेली होती. त्यांना शोधायला कुणी गेले नाही. सरकारने दिलेले वकील मला न्यायालयाच्या व्हरांड्यात भेटले. त्यांनी सांगितले, "सगळ्याला नाही म्हण. चूड नाही, हाळी नाही, काही नाही. आणि मालकाच्या पोराचं नाव काढू नको, शिक्षा वाढेल."

मला नाही म्हणता आले नाही. चूड माझ्या हातात होता. हाळी माझ्या तोंडची होती. स्वतः लावलेला जाळ नाकारणारा माणूस आमच्याकडे फार हलका समजतात. त्याच्या राबाला पुढे कुणी मदतीला जात नाही. तेवढ्यासाठी मी खरे बोललो, आणि खऱ्याचा अर्धाच भाग मला बोलू दिला गेला.

जाळ दोन होते. न्यायालयाने एकच मोजला.

तुरुंगात मला सतरंज्या विणण्याच्या कामावर घातले. पाण्याच्या हौदाजवळच्या भिंतीवर पांढऱ्या चौकोनात निळ्या रंगाने काहीतरी मोठ्या अक्षरांत लिहिले होते. रोज सकाळी त्या भिंतीखाली मी आंघोळ करत असे. तिथेच ताटली घासत असे. उन्हाळ्यात तिच्या सावलीत बसत असे. पावसाळ्यात निळा रंग ओघळायचा, मग कुणीतरी पुन्हा रंगवायचे. तीन वर्षे ती अक्षरे माझ्या डोक्यावर होती.

आमच्या बराकीत एक प्राथमिक शाळेतले शिक्षक होते. तेही शिक्षा भोगत होते. सगळे त्यांना गुरुजीच म्हणत, शिपाईसुद्धा. त्यांनी एकदा मला विचारले, "तू काय केलंस?"

"काय न्हाई केलं गुरुजी."

"मी केलंय," ते म्हणाले. "म्हणून मी गप्प आहे. तू का गप्प आहेस?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी रंगकाम करणाऱ्या कैद्याकडून चुन्याचा खडा मागून आणला आणि मला हौदाजवळ नेले. भिंतीवरचे पहिले अक्षर दाखवून म्हणाले, "हे फरशीवर काढ." मी काढले. ते वाकडे आले. पुसले. पुन्हा काढले. रोज एक अक्षर, कधी दोन. ते अक्षराचा उच्चार सांगत. शब्द जोडून कधीच देत नसत.

बराकीत चेष्टा सुरू झाली. "काय राव, कलेक्टर व्हणार का?" "भाऊ, आमची बी बदली करा की चांगल्या जागी!" विणकामावरचा एक जण तर मला पाहिले की उठून उभा राही आणि सलाम ठोकी. मीही हसत असे. उलट्या-सुलट्या धाग्यांची नक्षी मी डोळे मिटून विणू शकत होतो, पण ‘क’चे पोट आणि शेपूट यांचा मेळ बसायला मला आठवडा लागला.

मग एका सकाळी, ताटली घासताना, मी मान वर केली आणि ती भिंत बोलली. तिने हळूहळू, अडखळत सांगितले: प्रत्येक शिक्षाबंदीस वरिष्ठ न्यायालयात अपील करण्याचा हक्क आहे. त्यासाठी मोफत वकील मिळेल. अर्ज तुरुंग कार्यालयात द्यावा.

ताटली हातातून पडली.

मी गुरुजींकडे गेलो. माझा आवाज चढला होता. "तुमाला ठावं व्हतं. तुमी आधी का न्हाई सांगितलं?"

ते शांतपणे म्हणाले, "कितीतरी जणांना वाचून दाखवलं मी. हां गुरुजी म्हणाले आणि जेवायला गेले. दुसऱ्याने वाचून दाखवलेला हक्क कुणी मागायला जात नाही."

त्यांचे म्हणणे मी अनेकदा तपासून पाहिले आहे. त्यात तथ्य आहे. पण ते महिने माझे होते, आणि ते घालवण्याचा निर्णय दुसऱ्याने घेतला होता. गुरुजींविषयी मला आदर आहे. हा हिशेब मात्र मिटलेला नाही.

अपिलासाठी निकालाची प्रत मागवावी लागली. ती आली तेव्हा गुरुजी म्हणाले, "आता तूच वाच." मी कित्येक दिवस ती वाचत होतो. एका पानावर हे वाक्य होते: आरोपी हा डोंगराळ भागातील निरक्षर मजूर असून, त्याच्या समाजात दरवर्षी जमीन जाळण्याची रूढी असल्याने त्यास आगीच्या परिणामांचे गांभीर्य नाही.

गांभीर्य नाही. मी बोट त्या शब्दावर ठेवले. ज्या नियमांनी लेकरे वाचली, तेच नियम माझ्या अपराधाचे कारण म्हणून लिहिले होते. स्वच्छ, शुद्ध मराठीत. आणि मी त्याखाली अंगठा देणाऱ्या माणसांपैकी होतो. त्या क्षणी मला छातीवर, डाव्या बाजूला, एक बोट जाणवले. सावकाश पुसले जाणारे. इतक्या वर्षांनी. मी सदरा झटकला. तो तुरुंगाचा होता, त्यावर डाग नव्हता.

अपिलाची तयारी सुरू असतानाच कार्यालयातून बोलावणे आले. चांगल्या वर्तणुकीच्या कैद्यांची शिक्षा कमी करण्यासाठी सरकारकडे अर्ज जाणार होते. माझे नाव होते. कारकुनाने तयार अर्ज पुढे सरकवला आणि पेन दिले. "कर सही. बहुतेक दिवाळीला घरी असशील."

मी वाचू लागलो.

"वाचतोस काय? तुझ्या फायद्याचंच आहे."

मी वाचत राहिलो. ओळ सापडली. माझ्या हातून घडलेल्या गुन्ह्याची मी कबुली देतो व मला त्याचा पश्चात्ताप झाला आहे.

"हे खरं न्हाई साहेब."

"खरं-खोटं कोर्टानं ठरवलंय. तुला फक्त सही करायची आहे."

"एवढी वळ खोडली तर करतो."

तो हसला. कपाटातून शाईची गादी काढली आणि माझ्यासमोर ठेवली. "सही जड जात असेल तर अंगठा दे बाबा. तो बरा. त्याला वाचता येत नाही."

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"हो की नाही, लवकर सांग. बाहेर रांग आहे."

हो की नाही. तोच प्रश्न. तेच शब्द. या वेळी त्याचे उत्तर मला येत होते.

"नाही," मी म्हणालो.

‘न्हाई’ म्हणालो नाही. ‘नाही’ म्हणालो, भिंतीवरच्या अक्षरांसारखे. त्याने कागद ओढून घेतला. "मर मग इथंच," तो म्हणाला, "शिकून शहाणा झाला."

पुढच्या महिन्यात ठमी भेटीला आली. घाटघरहून जुन्नर, जुन्नरहून पुढे, दोन एसट्या बदलून. जाळीपलीकडे तिचा चेहरा तुकड्यातुकड्यांनी दिसत होता. तिला अर्जाचे कळले होते.

"सही केली का?"

"न्हाई."

"का?"

"त्यात लिवलंय, मी जाळलं म्हून."

"मंग लिवू द्या की! कागुदच हाय त्यो. मला ठावं हाय ना तुमी काय केलं ते. वाडीला ठावं हाय. तेवढं बास न्हाई?"

"न्हाई बास."

ती म्हणाली, "राब मी एकली भाजते. हाळी मी देते. बाईच्या हाळीला समोरून कुणी ओ देत न्हाई. तुमाला अक्षरं घावली. मला काय घावलं?"

शिपायाने वेळ संपल्याचे सांगितले. ती उठून गेली. त्यानंतर ती फार दिवस आली नाही. माझ्या ‘नाही’ची किंमत दोघांनी भरली, आणि तिला कुणी विचारले नव्हते. मीही नाही.

अपिलाचा अर्ज मी स्वतः लिहिला. गुरुजींनी भाषा दुरुस्त केली, मजकुराला हात लावला नाही. त्यातले पहिले वाक्य होते, "जाळ दोन होते." उशीर का झाला, या प्रश्नापुढे मी लिहिले, "मला भिंत वाचता येत नव्हती." गुरुजी म्हणाले, हे कायद्यात बसणार नाही. मी म्हणालो, राहू द्या. राहिले.

मोफत मदतीतून एक वकीलबाई मिळाल्या. त्या तुरुंगात येऊन बसल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "कोप्या कुठल्या बाजूला होत्या?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता. पोलिसांनी नाही. पहिल्या वकिलांनी नाही. मी त्यांच्या कागदावर वावर काढले, ओढा काढला, बांध काढला, वाऱ्याची दिशा बाणाने दाखवली.

उच्च न्यायालयाने मला सोडले तेव्हा आठ वर्षे संपली होती आणि नवे शतक सुरू झाले होते. निकालात म्हटले होते, की बांधावरच्या कोप्या का जळल्या नाहीत याचा खुलासा सरकार पक्षाला करता आला नाही. सबब आरोपीस संशयाचा फायदा देण्यात येतो. मी निर्दोष आहे, असे त्यात कुठे लिहिलेले नाही. मी शोधले. माझ्याविषयी संशय आहे आणि त्याचा फायदा मला दिलेला आहे. मी जे केले, त्याला अजून कुठल्याही कागदावर नाव नाही.

सुटताना जमा केलेले कपडे परत मिळाले. सदरा घडी करून ठेवलेला होता. उलगडला. शाईचा डाग तसाच होता, जांभळट, बोटाच्या रुंदीचा. शिपाई म्हणाला, "टाकून दे तो. चांगला घालून जा घरी." मी तोच घातला.

पुढे काही महिन्यांनी अण्णा मला जुन्नरच्या बाजारात भेटले. म्हातारे झाले होते. मला पाहून थबकले, मग मोकळेपणाने हसले. "सुटलास ना? मग झालं. झालं गेलं इसर आता. चल, चहा घिऊ." हॉटेलवाल्याने दोन सारखे पेले ठेवले.

मी पेल्याला हात लावला नाही. विचारले, "अण्णा, पाचट कुणी पेटवलं?"

"आता काय त्येचं, राव..."

"पाचट कुणी पेटवलं, अण्णा?"

ते चहा अर्धा टाकून उठले. पुन्हा दिसले तेव्हा मी पुन्हा विचारले. एकदा त्यांचा मुलगा सोबत होता, त्यालाही विचारले. आवाज न चढवता, शाळेत मास्तर विचारतात तसे. तो म्हणाला, "येडा झालाय आत राहून." आता मी दिसलो की ते दोघे कांद्याच्या वखारीमागून जातात. माझे विचारणे थांबलेले नाही.

वाडीत मी वर्ग घेतो. दुपारी, कामे आटोपल्यावर, समाजमंदिराच्या ओट्यावर. पहिला धडा भिंतीवर निळ्या रंगाने लिहिलेला आहे: आधी वाचा, मग अंगठा. ठमी वर्गात बसत नाही. पायरीवर बसून नाचणी पाखडते. शिकणाऱ्याचे चुकले की तिचे सूप थांबते. तेवढेच. मी तिला आत ये म्हणत नाही. तो तिचा ‘नाही’ आहे.

यंदा राबाच्या दिवसांत वरच्या बाजूला जंगलातली लागवड जळाली. आमच्या वाडीतल्या बुधाबाईने आग राबाकडे येताना पाहून सामोरा जाळ लावला आणि हाळी दिली. ती विधवा आहे. हाळी रस्त्यापर्यंत ऐकू गेली. दुसऱ्या दिवशी वनखात्याचे दोन साहेब आधीच लिहून आणलेला कागद घेऊन आले. "जाळ तूच लावलास ना? ओरडलीस ना? मग दे अंगठा."

शाईची गादी उघडलेली होती. मी बुधाबाईशेजारी जाऊन बसलो.

"आधी मोठ्यानं वाचा," मी म्हणालो.

"तू कोण?"

"जाळ लावला म्हणून आठ वर्षं आत होतो. वाचायला तिथंच शिकलो."

त्यांनी वाचले. त्यात एकच जाळ होता.

"दुसरा लिहा. कुठून आला, वारा कुठला होता, हिने कुठं उभं राहून लावला, काय वाचलं, सगळं लिहा."

"एवढं कशाला? तिनं लावला की नाही, तेवढं..."

बुधाबाईने मूठ आवळली. अंगठा आत. मी तिला तसे सांगितले नव्हते. पायरीवरचे सूप थांबले होते. ठमी उठून आली आणि बुधाबाईच्या दुसऱ्या बाजूला बसली. साहेबांनी एकमेकांकडे पाहिले. मग त्यांनी नवा कागद काढला. किती वाजेपर्यंत बसावे लागेल, असे त्यांनी चिडून विचारले. मी म्हणालो, लिहून होईपर्यंत.

बुधाबाईचे पुढे काय होईल, ते मला माहीत नाही. कागद खाली तालुक्याला गेला आहे. तिला बोलावणे येईल, आणि तिला ज्या खोलीत नेतील त्या खोलीत मीही जाईन. तिथे कुणी "हो की नाही" विचारले, तर दोन जाळांचे दोन प्रश्न वेगळे करून मागीन. कुणी तिचे मनगट धरले, तर सोडायला लावीन. मला बाहेर काढले तर दाराशी उभा राहीन. तो डागाचा सदरा मी अशाच कामांसाठी ठेवला आहे. तो घालून जाईन.

हे सारे मी माझ्या हाताने लिहिले आहे. ज्यांना ते खोटे वाटेल त्यांनी मला समोर बसवून विचारावे. आमच्या नियमाप्रमाणे हाळी देतो.

जाळ माझा हाय. विझेपर्यंत मी इथून हलणार नाही.